सूर्याच्या वादळाची वर्दी

मोबाईलवर फिरणारा एक निरोप आपल्यापैकी बहुतेकांनी केव्हा ना केव्हा वाचला असेल. आज मध्यरात्रीनंतर काही तास घातक वैश्विक किरणे पृथ्वीच्या अगदी जवळून जाणार आहेत, तेव्हा मोबाईल बंद करून अंगापासून दूर ठेवा आणि ही माहिती सर्व नातेवाइकांना कळवा, अशा आशयाचा तो निरोप असतो. त्याखाली एखाद्या परदेशी वाहिनीचे किंवा ‘नासा’चे नाव टाकलेले असते. तारीख मात्र कधीच नसते. त्यामुळे तो निरोप दर वर्षी नवाच ठरतो.

आमच्या शेजारच्या एका वयस्क बाईंनी एकदा हा निरोप मला दाखवला. त्यांचा मुलगा त्या दिवशी रात्रपाळीला गेला होता. त्याला फोन करून सावध करावे, की फोन केल्यानेच त्याला अपाय होईल, या विवंचनेत त्या माउलीने पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लावला नव्हता. निरोप खोटा होता. परंतु सूर्याकडून वादळे येतात ही गोष्ट खरी आहे. ती वादळे यंत्रांना इजा करतात हेही खरे आहे. आणि त्यांची आगाऊ वर्दी देणारी केंद्रे जगात रात्रंदिवस चालू असतात, हेही तितकेच खरे आहे. खोटा निरोप नुसता खोटा म्हणून सोडून दिला तर खरे काय ते कळत नाही, आणि पुढचा निरोप आला की माणूस पुन्हा घाबरतो. म्हणून सूर्यावर पहारा कसा ठेवला जातो, वादळाचा अंदाज कसा बांधतात आणि तो अंदाज नेमका कोठे अडतो, हे सोप्या भाषेत सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

सूर्य शांत नाही

सूर्य म्हणजे जळता निखारा नव्हे. तो अतितप्त व विद्युतभारित वायूचा प्रचंड गोळा आहे. अशा वायूला शास्त्रज्ञ प्लाझ्मा म्हणतात. हा गोळा स्वतःभोवती फिरतो, पण घन वस्तूसारखा एकसंध फिरत नाही. त्याच्या विषुववृत्ताजवळचा भाग सुमारे २५ दिवसांत एक फेरी पूर्ण करतो, तर ध्रुवांकडच्या भागाला त्याहून कितीतरी दिवस अधिक लागतात. त्यामुळे सूर्याच्या आतील चुंबकीय क्षेत्राला पीळ पडत जातो. दोरीला सतत पीळ देत गेल्यास जशा तिच्यावर गाठी उठतात, तसे हे पिळलेले क्षेत्र जागोजाग पृष्ठभागावर उफाळून येते. त्या ठिकाणी आतील उष्णता वर येण्यास अडथळा होतो. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस असते, तर या जागी ते दीड-दोन हजार अंशांनी कमी भरते. म्हणून त्या जागा आपल्याला काळ्या दिसतात. हेच सौरडाग होत.

हे डाग मोजण्याचे काम जर्मनीतील हाइनरिख श्वाबे या औषध-व्यावसायिकाने १८२६ साली सुरू केले. बुधापेक्षाही सूर्याला जवळ असणारा एखादा ग्रह सापडेल, या आशेने तो सूर्याकडे दुर्बीण लावून बसे. ग्रह सापडला नाही. पण सतरा वर्षे नेमाने ठेवलेल्या नोंदींतून १८४३ साली त्याच्या ध्यानी आले की डागांची संख्या सुमारे दहा वर्षांच्या चक्राने वाढते आणि घटते. पुढे हे चक्र सरासरी अकरा वर्षांचे असल्याचे ठरले. शोधायला गेला एक आणि हाती लागले दुसरे, पण लागले ते रोजच्या नोंदवहीमुळे.

डागांभोवतीचे चुंबकीय क्षेत्र पीळ सोसेनासे झाले की एकाएकी तुटून नव्याने जुळते. त्या क्षणी साठलेली ऊर्जा बाहेर पडते. ती प्रकाश व क्ष-किरणांच्या रूपाने बाहेर पडली तर तिला सौरज्वाला म्हणतात. कधीकधी त्याबरोबर सूर्याच्या बाह्य आवरणातील, म्हणजे कोरोनातील, अब्जावधी टन प्लाझ्मा आपले चुंबकीय क्षेत्र सोबत घेऊन अंतराळात फेकला जातो. याला कोरोनल मास इजेक्शन असे नाव आहे. या लेखात आपण त्याला सौरझोत म्हणू. असा झोत पृथ्वीच्या दिशेने निघाला, तर पृथ्वीभोवतीच्या अंतराळाचे हवामान बिघडते.

कुलाब्याची नोंदवही

सूर्यावरील घटनेचा पृथ्वीवरील घटनेशी संबंध आहे, हे पहिल्यांदा ठळकपणे दिसले ते १८५९ साली. १ सप्टेंबर रोजी सकाळी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हा खगोलनिरीक्षक नित्याप्रमाणे सौरडागांचे चित्र काढत बसला होता. डागांच्या एका मोठ्या समूहावर त्याला एकाएकी दोन लखलखीत ठिपके दिसले. पाच मिनिटांत ते मावळले. त्याच वेळी रिचर्ड हॉजसन या दुसऱ्या निरीक्षकानेही आपल्या जागेवरून तेच पाहिले. साडेसतरा तासांच्या सुमारास उलटले, आणि पृथ्वीवरील चुंबकसुया बेभान झाल्या. एरवी ध्रुवप्रदेशात दिसणारा अरोरा नावाचा रंगीत प्रकाश उष्ण कटिबंधाच्या आसपासच्या देशांतही दिसला. तारायंत्रे बिघडली. अमेरिकेत बोस्टन व पोर्टलंड येथील तारमास्तरांनी तर बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि तारेत आपोआप आलेल्या प्रवाहावरच काही काळ संदेश पाठवले.

या वादळाचा एक फार मोलाचा पुरावा आपल्या मुंबईत आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली स्थापन केलेल्या कुलाबा वेधशाळेत पुढे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजणी सुरू झाली होती. त्या वेळी यंत्र आपोआप नोंद करत नसे. टांगलेल्या चुंबकाचे सूक्ष्म विचलन माणसाने दुर्बिणीतून मापपट्टीवर वाचावे आणि आकडा वहीत उतरवावा, अशी पद्धत होती. एरवी ही वाचने तासातासाला होत. सुई अस्वस्थ झाली की ती पंधरा मिनिटांनी आणि पुढे पाच मिनिटांनीही घेतली जात. २ सप्टेंबर १८५९ च्या सकाळी कुलाब्याचे कर्मचारी असेच यंत्राशी बसून राहिले आणि आकडे लिहीत राहिले.

त्या आकड्यांचा अर्थ समजण्यासाठी थोडी तुलना हवी. चुंबकीय क्षेत्र नॅनोटेस्ला या एककात मोजतात. सामान्य दिवशी मुंबईत हे माप काही दशकांनी वरखाली होते. कुलाब्याच्या वहीत त्या सकाळी ते सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी कोसळल्याची नोंद आहे. युरोपातील काही वेधशाळांत यंत्रांची रेघ कागदाबाहेर निघून गेल्यामुळे वादळाचा खरा जोर तेथे मोजताच आला नाही. कुलाब्याची नोंद मात्र हाती राहिली. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी, जी. एस. लखिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जुन्या नोंदींचा नव्याने अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा साऱ्या जगाचे लक्ष त्यांच्याकडे वेधले गेले. त्या प्रचंड घसरणीत कोणत्या विद्युतप्रवाहाचा किती वाटा होता, यावर शास्त्रज्ञांत आजही मतभेद आहेत. पण आकडा काय होता यावर वाद नाही, कारण तो त्याच वेळी कोणीतरी प्रत्यक्ष लिहून ठेवला होता.

पुढे १८९६ साली नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस हे या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार, असे ठरले तेव्हा विजेच्या प्रवाहामुळे चुंबकीय मोजणी बिघडेल हे उघड झाले. म्हणून शहरापासून दूर अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारण्यात आली. तिच्या इमारतीसाठी चुंबकीय गुण नसलेला दगड मुद्दाम वापरला गेला. विशेष हे की जुनी वेधशाळा एका दिवसात बंद करून नवी सुरू केली नाही. १९०४ ते १९०६ या काळात दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी करून दोहोंचा मेळ घातला, मगच कुलाब्याचे काम थांबवले. त्यामुळे नोंदींची साखळी तुटली नाही. अलिबागची ही वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे असून या संस्थेचे मुख्यालय नवी मुंबईत पनवेल येथे आहे.

तीन पाहुणे, तीन वेळा

सूर्यावर मोठा उद्रेक झाला की पृथ्वीकडे तीन पाहुणे निघतात. ते एकाच वेळी पोचत नाहीत आणि त्यांचा उपद्रवही एकसारखा नसतो.

पहिला पाहुणा म्हणजे सौरज्वालेचा प्रकाश व क्ष-किरण. सूर्यापासून पृथ्वीपर्यंत यायला प्रकाशाला सुमारे ८ मिनिटे लागतात. त्याच्याहून वेगाने काहीच धावत नसल्याने त्याची वर्दी त्याच्या आधी पोचू शकत नाही. ज्वाला दिसली म्हणजे ती आलीच. पृथ्वीच्या ज्या अर्ध्या भागावर त्या वेळी दिवस असतो, त्या भागात वातावरणाचा वरचा थर विस्कळीत होतो आणि लघुलहरींवरील रेडिओ संपर्क काही मिनिटे ते काही तास खंडित होतो. दूरच्या समुद्रावरील जहाजे व विमाने यांना त्याचा त्रास होतो.

दुसरा पाहुणा म्हणजे वेगवान केलेले विद्युतभारित कण, मुख्यतः प्रोटॉन. ते काही मिनिटांत ते काही तासांत पोचतात. उपग्रहांची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, ध्रुवांवरून उडणारी विमाने आणि अंतराळवीर यांना त्यांचा धोका असतो. जमिनीवर राहणाऱ्या माणसाला नसतो. आपल्या डोक्यावर हवेची जी जाड ढाल आहे, ती त्यांना वरच्या वर अडवते. मोबाईल बंद ठेवल्याने किंवा चालू ठेवल्याने यात काहीही फरक पडत नाही.

तिसरा पाहुणा म्हणजे सौरझोत. त्याला यायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. अतिवेगवान झोत एका दिवसाच्या आतही येतो, जसा तो १८५९ साली आला. हा झोत पृथ्वीच्या चुंबकीय कवचाला धडकला की भूचुंबकीय वादळ उठते. कवच हेलकावे खाऊ लागते, जमिनीत व लांबच लांब वीजवाहिन्यांत नको ते प्रवाह खेळू लागतात, आणि वातावरणाचे वरचे थर तापून फुगतात. तारायंत्राच्या काळात बिघडण्यासारखे फारसे काही नव्हते. आज वीज, दळणवळण, विमाने व दिशादर्शन हे सारे याच एका धाग्याला बांधलेले आहे.

या तिन्ही पाहुण्यांसाठी तीन वेगळ्या मोजपट्ट्या ठरवलेल्या आहेत. रेडिओ खंडासाठी ‘आर’, कणांच्या माऱ्यासाठी ‘एस’ आणि भूचुंबकीय वादळासाठी ‘जी’. प्रत्येक पट्टीवर १ ते ५ असे टप्पे आहेत. जी-१ म्हणजे किरकोळ वादळ आणि जी-५ म्हणजे अतितीव्र वादळ. ज्वालांची प्रतवारी मात्र ए, बी, सी, एम व एक्स या अक्षरांनी होते. प्रत्येक पुढचे अक्षर आधीच्याच्या दहापट जोराचे असते.

दार उघडते केव्हा?

वादळाची वर्दी देणाऱ्यांचा खरा कस तिसऱ्या पाहुण्याच्या बाबतीत लागतो. सूर्याचा तेजस्वी गोल चकतीने झाकून त्याच्या भोवतालचा फिका कोरोना पाहणारी दुर्बीण असते. तिला कोरोनाग्राफ म्हणतात. १९९५ साली सोडलेल्या सोहो या यानावरील कोरोनाग्राफने हजारो सौरझोत टिपले. झोत सूर्याच्या एका बाजूला सरकताना दिसला तर तो आपल्याकडे येत नाही. सूर्याच्या चहूबाजूंनी कड्यासारखा पसरताना दिसला तर तो आपल्या रोखाने निघाला आहे, किंवा बरोबर उलट दिशेने गेला आहे. कोणते ते ठरवण्यासाठी सूर्याच्या दर्शनी भागावर त्याच वेळी ज्वाला दिसली होती का, ते पाहतात. मग झोताचा वेग मोजून संगणकावर गणित मांडतात. हे गणित अजूनही सरासरी दहा तासांच्या आसपास चुकते. तरीही दोन दिवस आधी मिळालेली वर्दी उपयोगाची असते.

परंतु झोत पोचणार, एवढे कळल्याने वादळ किती मोठे होईल हे कळत नाही. ते मुख्यतः झोताच्या पोटातील चुंबकीय क्षेत्र कोणत्या दिशेला रोखलेले आहे, यावर ठरते. दोन चुंबक हातात घेऊन जवळ आणले की एका बाजूने ते एकमेकांना ढकलतात आणि दुसऱ्या बाजूने चिकटतात, हे आपण शाळेत पाहिले आहे. येथेही तसाच प्रकार घडतो. झोतातील क्षेत्र उत्तरेकडे असेल तर पृथ्वीचे कवच बऱ्याच अंशी बंद दारासारखे राहते. ते दक्षिणेकडे असेल तर दोन्ही क्षेत्रे जुळतात, दार उघडते आणि ऊर्जा आत लोटते. एकाच वेगाचे दोन झोत आले तरी एक काही न करता निघून जाईल आणि दुसरा हाहाकार करील, असे होऊ शकते.

ही दिशा दूर राहून खात्रीने ओळखण्याची रीत अद्याप सापडलेली नाही. ती कळते ती झोत यानावरून जातो तेव्हाच. यासाठी पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किलोमीटरवर ‘एल-१’ नावाच्या बिंदूपाशी याने ठेवतात. १९९७ साली सोडलेले एसीई आणि २०१५ साली सोडलेले डिस्कव्हर यांनी तेथे पहारा केला. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने खास याच कामासाठी आणखी एक यान सोडले. आता हिशेब पाहा. सौरवारा सेकंदाला ४०० किलोमीटर वेगाने येत असेल तर तेथून पृथ्वीपर्यंत पोचायला त्याला तासाभराहून थोडे अधिक लागते. ८०० किलोमीटर असेल तर अर्धा तास. जबर वादळाचा झोत १,५०० किलोमीटर वेगाने आला तर जेमतेम सतरा मिनिटे. म्हणजे वादळ जितके मोठे, तितकी पक्की वर्दी उशिरा. अंतराळ हवामानाचा अंदाज अडतो तो या ठिकाणी.

अंदाज आणि अनुभव

एवढ्या थोड्या वेळाचे महत्त्व काय, हे १३ मार्च १९८९ रोजी कॅनडाच्या क्वेबेक प्रांताने अनुभवले. मोठ्या भूचुंबकीय वादळामुळे वीजवाहिन्यांत नको ते प्रवाह शिरले. तेथील कठीण प्राचीन खडक वीज सहजी वाहू देत नाही, आणि वाहिन्या तर दूरवर पसरलेल्या. संरक्षक यंत्रणा एकामागून एक बंद पडत गेल्या आणि सुमारे दीड मिनिटात अवघा प्रांत अंधारात गेला. साठ लाख लोक नऊ तास विजेवाचून राहिले, तेही कडाक्याच्या थंडीत. या घटनेनंतर वीजमंडळांनी सौरवादळांची दखल गांभीर्याने घेण्यास सुरुवात केली. वर्दी मिळाली की वाहिन्यांवरील भार कमी करणे, दुरुस्तीसाठी बंद ठेवलेल्या वाहिन्या पुन्हा जोडून घेणे, असे उपाय करता येतात.

लहान वादळही दुर्लक्ष करण्याजोगे नसते. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पेसएक्स कंपनीने ४९ उपग्रह सोडले. त्या वेळी आलेले वादळ किरकोळ होते. पण त्याने वातावरणाचा वरचा थर फुगला, खालच्या कक्षेतील उपग्रहांना हवेचा अडसर वाढला आणि त्यांपैकी सुमारे चाळीस उपग्रह खाली येऊन जळून गेले.

मे २०२४ मधील वादळ हे अंदाजाच्या यशाचे आणि मर्यादेचेही चांगले उदाहरण आहे. पृथ्वीच्या व्यासाच्या सुमारे पंधरापट रुंदीचा डागसमूह सूर्यावर आला होता. त्यातून एकापाठोपाठ अनेक झोत पृथ्वीकडे निघाले. अमेरिकेतील बोल्डर येथील अंतराळ हवामान केंद्राने ९ मे रोजी जी-४ वादळाचा इशारा दिला. त्या प्रतीचा इशारा २००५ नंतर प्रथमच दिला जात होता. प्रत्यक्षात भारतीय वेळेनुसार १० मेच्या रात्री साडेदहाच्या सुमारास झोत धडकला आणि वादळ जी-५ पर्यंत चढले. २००३ नंतर असे पहिल्यांदाच घडले. वर्दी बरोबर होती, जोर मात्र अंदाजाहून अधिक निघाला. अमेरिकेत तो पेरणीचा हंगाम होता. तेथील मोठे ट्रॅक्टर उपग्रहांच्या संकेतांवर सरळ तास धरतात. संकेत बिघडल्यामुळे अनेक शेतकऱ्यांना काम थांबवावे लागले. आपल्याकडे लडाखमधील हानले येथे त्या रात्री आकाशात अरोराची लाल छटा टिपली गेली.

लांब पल्ल्याच्या अंदाजाचीही हीच कथा आहे. डिसेंबर २०१९ मध्ये सूर्याचे २५ वे चक्र सुरू झाले. तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने भाकीत केले होते की जुलै २०२५ मध्ये सौरडागांचा आकडा ११५ च्या आसपास शिखर गाठील. प्रत्यक्षात शिखर ऑक्टोबर २०२४ मध्ये आले आणि सरासरी आकडा १६० च्या घरात गेला. मात्र येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपला अंदाज कमी पडतो आहे, हे दिसताच अमेरिकेच्या केंद्राने ऑक्टोबर २०२३ मध्येच सुधारित अंदाज जाहीर केला आणि तो बराचसा बरोबर ठरला. ज्याला चूक जाहीरपणे सुधारता येते, ते शास्त्र. मोबाईलवरील निरोप कधी चुकत नाही, कारण त्याला तारीखच नसते.

भारताचा वाटा

या कामात आपला देश मागे नाही. तमिळनाडूतील कोडाईकनाल येथील सौर वेधशाळा १८९९ साली स्थापन झाली. तेथे १९०४ पासून घेतलेल्या सूर्याच्या छायाचित्रांचा साठा शतकाहून अधिक काळाचा असून आज तो संगणकावर उतरवला गेला आहे. जॉन एव्हरशेड यांनी १९०९ साली तेथूनच सौरडागांतील वायूचा बाहेरच्या दिशेने होणारा प्रवाह शोधून काढला. राजस्थानात उदयपूरच्या फतेहसागर तलावात एक सौर वेधशाळा आहे. भोवती पाणी असल्याने हवा कमी तापते, आणि सूर्याचे चित्र स्थिर मिळते. सूर्यावर सतत नजर राहावी म्हणून जगभर पसरलेल्या सहा केंद्रांच्या जाळ्यात उदयपूर हे एक केंद्र आहे. एका ठिकाणी सूर्य मावळला की दुसऱ्या ठिकाणी तो वर असतो.

२ सप्टेंबर २०२३ रोजी इस्रोने आदित्य एल-१ हे यान सोडले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी ते वर सांगितलेल्या एल-१ बिंदूभोवतीच्या कक्षेत पोचले. त्यावर सात उपकरणे आहेत. त्यांतील कोरोना पाहणारे मुख्य उपकरण बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने तयार केले आहे. अतिनील प्रकाशात सूर्याची चित्रे घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका या संस्थेने बनवली आहे. सौरवाऱ्यातील कण आणि चुंबकीय क्षेत्र मोजणारी उपकरणेही त्यावर आहेत. मे २०२४ च्या वादळाची मापे आदित्यनेही घेतली.

आपण ध्रुवांपासून दूर असल्याने क्वेबेकसारखा प्रसंग आपल्याकडे येण्याचा संभव पुष्कळ कमी आहे. पण पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकावरून जाते. थुंबा येथे १९६३ साली अग्निबाण केंद्र उभारण्यास हेच कारण झाले. या पट्ट्यात सूर्यास्तानंतर वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात पोकळ बुडबुड्यांसारखे भाग तयार होतात आणि उपग्रहांचे संकेत थरथरू लागतात. सौर घडामोडी वाढल्या की हा उपद्रवही बदलतो. विमान उतरवणारा वैमानिक असो की रात्री जाळे टाकायला गेलेली कोकणातील होडी असो, ज्याचा भरवसा उपग्रहाच्या संकेतावर आहे, त्याचा या विषयाशी संबंध आहे. विमान वाहतुकीसाठी तर २०१९ पासून अंतराळ हवामानाच्या आंतरराष्ट्रीय सूचना नियमितपणे दिल्या जातात.

आपण काय करावे?

सौरवादळाच्या वेळी सामान्य माणसाने घरात काही विशेष करण्याची गरज नाही. मोबाईल उशाशी असला म्हणून शरीराला अपाय होत नाही. काम आहे ते वीजकेंद्रांचे, उपग्रह सांभाळणाऱ्यांचे आणि विमानतळांवरील नियंत्रकांचे. आपले काम एवढेच की निरोप हाती आला तर तो पुढे ढकलण्याआधी चार प्रश्न विचारावेत. हे कोणत्या संस्थेने, कोणत्या तारखेला सांगितले? ज्वाला, कण की झोत, यांपैकी कशाविषयी सांगितले? त्याची प्रत काय, म्हणजे जी-१ की जी-५? आणि नुकसान कशाचे होणार म्हणतात, यंत्राचे की माणसाच्या अंगाचे? या चार प्रश्नांची उत्तरे ज्या निरोपात नाहीत, तो निरोप आपल्यापाशीच थांबावा.

विद्यार्थ्यांनी मात्र याहून थोडे पुढे जावे. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी, साध्या काळ्या काचेतून किंवा दुर्बिणीतून कधीही पाहू नये. त्याने दृष्टी कायमची जाते. पण शिक्षकांच्या देखरेखीखाली लहान दुर्बिणीने सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडून त्यावर डाग टिपता येतात. रोज ठरलेल्या वेळी एक वर्तुळ काढावे, त्यात डाग मांडावेत आणि खाली तारीख-वेळ लिहावी. पंधरा दिवसांत मुलांना डाग सरकताना दिसतील आणि सूर्य फिरतो हे पुस्तकावाचून कळेल. यासाठी पैशापेक्षा नेम अधिक लागतो.

त्या शेजारच्या बाईंना मी यातील जमेल तेवढे सांगितले. सारे ऐकून त्यांनी एकच गोष्ट विचारली, “मग भाऊ, खरे वादळ आले तर आम्हाला सांगणार कोण?” हा प्रश्न योग्य होता आणि त्याचे उत्तरही आहे. ज्यांच्याकडे नोंदी आहेत, ते सांगतील. १८५९ च्या त्या सकाळी कुलाब्यात मापपट्टीवर डोळा लावून बसलेल्या माणसाला सौरझोत म्हणजे काय हे ठाऊक असणे शक्य नव्हते. आपण लिहीत असलेला आकडा दीडशे वर्षांनी जगाला उपयोगी पडेल, हेही त्याला कोणी सांगितले नसेल. त्याने घाबरून वही मिटली नाही आणि मनचा आकडाही घातला नाही. दिसले ते लिहिले, आणि पाच मिनिटांनी पुन्हा पाहिले. आज अंतराळात जी याने पहारा देत आहेत, ती याहून वेगळे काही करत नाहीत.